आतड्यातील जिवाणू आणि इम्युनोथेरपी

प्रश्न: वडिलांना मेलानोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) सुरू होणार आहे. त्यांना प्रोबायोटिकच्या (उपयुक्त जिवाणूंच्या) गोळ्या द्याव्यात का?

उत्तर १: डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. २०२१ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या ह्यूस्टनच्या अभ्यासात पुरेसा तंतुमय आहार घेणाऱ्या रुग्णांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिला आणि हा फरक प्रोबायोटिक न घेणाऱ्यांमध्ये सर्वांत ठळक होता.

उत्तर २: प्रतिजैविकांबाबतही (अँटिबायोटिक) सावध राहा; ती आतड्यातील जिवाणूही मारतात. पॅरिसच्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळले की, ती उपचाराच्या सुमारास घेतलेल्या रुग्णांत पीडी-१ (प्रतिकार पेशींना लगाम घालणारे प्रथिन) रोखणारी इम्युनोथेरपीची औषधे कमी प्रभावी ठरली. अर्थात, संसर्ग झालाच तर ती घ्यावीच लागतात.

उत्तर ३: अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये अशा पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या मेलानोमाच्या १५ रुग्णांना, दाद देणाऱ्यांच्या विष्ठेतील जिवाणू (ऐकायला किळसवाणे, खरे) त्याच औषधासोबत दिल्यावर ६ जणांना लाभ झाला.