मदत हवी आहे: लेक आपली आपण झोपतच नाही

मोगरी७:
रोज रात्री दीड-दोन तास झोपवण्यात जातात. डोळे मिटले म्हणून थांबलं की टक्क जागी. पहाटे साडेपाचला उठून डबे, मग ८:०४ ची लोकल. सगळं करून झालं. मुलांना आपलं आपण झोपायला कसं शिकवायचं? ‘लहान आहे, होईल हळूहळू’ हे कृपया नको, ते घरात रोज ऐकते.

खारीबिस्कीट:
वय? दुपारी किती वाजता झोपते? ‘थांबलं की’ म्हणजे काय थांबवलं की? थोपटणं, मांडी, पाळणा, की दूध? आणि ‘सगळं’मध्ये काय काय आलं?

अक्कामावशी:
जायफळाचा एक वेढा दुधात उगाळून द्या. पिढ्यान्‌पिढ्या देतात.

धारावाहिक:
एसी २५ वर, पंखा १ वर, पाय झाकलेले आणि डोकं उघडं. मुलं उकाड्याने उठतात.

खारीबिस्कीट:
@धारावाहिक, एसी आहे असं धागाकर्तीने कुठे लिहिलंय?

मोगरी७:
२२ महिने. पाळणाघरात दुपारी छान झोपते, तिथे काही त्रास नाही. घरी साडीची झोळी. एसी नाही, वन रूम किचन आहे. जायफळ झालं, तेल मालिश झालं, बडीशेपेचं पाणी झालं.

खारीबिस्कीट:
‘छान’ म्हणजे किती ते किती?

मोगरी७:
४ ते सव्वासहा. मी साडेसातला घ्यायला जाते, तोवर ताजीतवानी असते. रात्री झोपायला सव्वाअकरा होतात. सकाळी पावणेसातला उठवावंच लागतं.

खारीबिस्कीट:
मग झोळीवर कशाला खापर फोडताय! या वयात दुपारची झोप संपल्यावर साधारण पाच-सहा तासांनी पुन्हा झोप दाटते. सव्वासहा अधिक पाच, सव्वाअकरा. तुमची लेक घड्याळ लावल्यासारखी झोपतेय. साडेनऊपासून झोके देताय म्हणजे भूक नसताना भरवल्यासारखं आहे.

बेरीज बघा. रात्रीचे साडेसात तास आणि दुपारचे सव्वादोन, एकूण पावणेदहा. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास लागतात. दुपार १ ते ३ केली आणि रात्री सव्वानऊला झोपली तर साडेअकरा भरतात. पाळणाघरात आधी हे बोला. झोळी आठवडाभर आहे तशीच चालू द्या. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

निर्धार_ठाणे:
इतकं कशाला? गादीवर ठेवा, बाहेर या, रडू द्या. ५ मिनिटांनी डोकवा, मग १० ने, मग १५ ने. आत गेलं की मिनिटभर बोलायचं, उचलायचं नाही. साधारण आठवड्यात फरक पडतो.

पाणीकम:
वन रूम किचनमध्ये ‘बाहेर या’ म्हणजे कुठे, जिन्यात? आणि सातव्या मिनिटाला साबा (सासूबाई) उचलणार. म्हणजे लेकीला काय कळलं? पाच मिनिटं रडून भागत नाही, सात मिनिटं रडावं लागतं.

निर्धार_ठाणे:
तो दोष पद्धतीचा नाही, घरात एकमत नसण्याचा. मूल आजारी नसेल आणि घरातले सगळे मिनिटं पाळणार असतील तर ही पद्धत सुरक्षित आहे.

पाणीकम:
‘सगळे पाळणार असतील तर’ हे पहिल्या प्रतिसादात लिहायचं होतं.

अक्कामावशी:
रडवू नका हो. पूर्वी सर्दीचं औषध पाव चमचा दिलं की शांत झोपायची मुलं.

डॉ_नाही_पण:
अजिबात नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊ नयेत, अशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची ऑक्टोबर २०२५ ची सूचना आहे. गुंगीला झोप समजू नका. जायफळही जास्त झालं की विषारी ठरतं. सहाणेवरचा वेढा आज पातळ, उद्या जाड, माप कोण ठेवणार?

आणखी एक. लेक घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते का, झोपेत मान मागे ताणते का? असेल तर आधी अडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) तपासून घ्या. रात्रभर पाय झाडत असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या लोहाबद्दल विचारा. दूध रोज किती? अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवण कमी होतं आणि लोहाची बोंब.

लोअरपरेल:
अवांतर: गिरण्यांच्या काळात याच मुंबईत कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी चाटवायच्या. पूर्वीचं सगळंच चांगलं नसतं.

धारावाहिक:
अवांतरावर अवांतर: रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हवेत हा नियम २००० सालचा. आमच्या गल्लीत अजून पोचायचा आहे.

मोगरी७:
घोरत नाही. दूध ४०० मिली, त्यातलं २०० झोळीतच बाटलीने. बाटली सांगायची राहिली. पाळणाघराच्या ताई १ ते ३ला तयार झाल्या. झोळीचं सांगा ना.

खारीबिस्कीट:
बाटली ‘राहिली’! आधी बाटली बाहेर. झोपताना दूध तोंडात साचलं की पुढचे वरचे दात किडतात. दूध कपात, झोपेच्या अर्धा तास आधी, मग दात घासायचे. २०० चे एकदम शून्य नको, दर दोन रात्रींनी ३० मिली कमी करा.

पाणीकम:
कमी करण्यापेक्षा पाणी वाढवा. चव गेली की मुलं आपणच सोडतात.

खारीबिस्कीट:
पाणी वाढवून बाटली तोंडात राहतेच, आणि दोनला ओला लंगोट घेऊन उठते. तुमचं चालू द्या.

आता झोळी. मुलं रात्रीतून चार-पाचदा अर्धवट जागी होतात, मोठीही होतात. डोळा लागताना जे होतं ते तेव्हा सापडलं नाही की रडतात. झोक्यात झोपली, स्थिर झोळीत जाग आली, म्हणून भोकाड. तेव्हा झोका झोप लागायच्या आधी थांबायला हवा. पहिल्या तीन रात्री पापण्या जड झाल्या की झोका थांबवा, झोळीवर हात नुसता टेकवून ठेवा. पुढच्या तीन रात्री झोका फक्त पाच मिनिटं. मग झोळी सोडून तीच साडी, न धुता, चार पदरी घडी करून जमिनीवरच्या गादीवर घट्ट खोचा. वास आणि पोत ओळखीचा राहतो. तिथे थोपटा. तीन रात्रींनी थोपटणं थांबवून हात पाठीवर स्थिर ठेवा, मग हात काढून शेजारी बसा, मग तीन-तीन रात्रींनी वीतभर मागे सरकत ओट्यापर्यंत जा. उठून आली तर न बोलता परत आडवी करा. रात्री दोनलाही हेच, तेव्हा झोका दिलात तर मागचं सगळं वाया.

दर पायरीला दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडारड वाढते. तेव्हाच सगळे कच खातात. ताप किंवा दाढ आली तर खुशाल जवळ घ्या, बरी झाली की एक पायरी मागून सुरू करा.

पाणीकम:
आणि वन रूममध्ये टीव्ही? झिरोचा दिवा पिवळा किंवा लाल ठेवा, पांढरा नको. पंख्याची घरघर कुकरची शिट्टी झाकते. बाबा किती वाजता येतात?

मोगरी७:
पावणेदहाला. आले की दंगा.

पाणीकम:
सव्वानऊला झोपली तर पावणेदहाला ती गाढ असेल, रात्रीचा पहिला भाग सगळ्यात गाढ. दाराची कडी हळू. लोकल लवकर मिळून सव्वानऊलाच दारात आले तर मात्र बाबांना खाली दहा मिनिटं थांबवा.

निर्धार_ठाणे:
एकूण महिनाभर तरी लागेल यात. माझ्या पद्धतीत एक.

पाणीकम:
हो, आणि जिना.

मोगरी७:
आज १ ते ३ झोपली, पण परत येताना रिक्षात साडेसातला डुलकी. पंधरा मिनिटंच. आत्ता साडेदहा वाजलेत आणि नाचतेय.

खारीबिस्कीट:
ती पंधरा मिनिटंच नडली. त्या वेळी थोडीशी डुलकीही झोपेची धार घालवते. रिक्षात मांडीवर आडवी नको, उभी धरा, हातात कुरमुरे द्या, बाहेरच्या लाल बस मोजायला लावा. घरी येताच अंघोळ. सुरुवातीचे काही दिवस साडेआठलाच पेंगली तर तेव्हाच झोपवा, सव्वानऊचा हट्ट नको.

मोगरी७:
झोळीचा हूक काढून टाकू का?

खारीबिस्कीट:
हूक राहू द्या. साडी गादीवर गेली की स्प्रिंग काढून माळ्यावर टाका, साबांचा हात पोचणार नाही इतकी आत.