अनुभव धागा: युद्ध तिकडे, आपण इकडे

धागा काढू की नको असं वर्षभर मनात चाललंय, आज काढतेच. आपण परदेशात आणि मायदेशात युद्ध सुरू, अशा वेळी तुम्ही काय केलंत, काय सोसलंत, कशानं जरा बरं वाटलं, ते इथे लिहा. मोठं लिहा, तुटक लिहा, कसंही चालेल.

आधी माझं सांगते. मी जर्मनीत श्टुटगार्टला असते. माहेर सातारा जिल्ह्यातलं, अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं, आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत. माझा धाकटा भाऊसुद्धा. 6 मे 2025 च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास इथे बातमी कळली, तिकडे मध्यरात्र उलटून 7 तारीख लागली होती. नऊ ठिकाणी हल्ला केला, ऑपरेशन सिंदूर वगैरे. मी पहिलं काय केलं तर भावाचं व्हॉट्सॲप उघडलं. लास्ट सीन आदल्या दिवशीचं संध्याकाळी 6.40. मी लिहिलं, 'जेवलास का रे?' एकच टिक. सकाळी बघितलं, एकच टिक. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बघितलं, एकच टिक. आईला फोन लावला तर ती म्हणे इकडे वळीव झाला, कैऱ्या पडल्या, तू काय केलंस जेवायला? मला इतका राग आला तिचा! मग लक्षात आलं की अगोदर वडील आणि आता मुलगा असे तीस वर्षं ही बाई वाट बघतीये, तिला माहितीये काय बोलायचं आणि काय नाही बोलायचं ते.

आणि एक गोष्ट सलते ती पण लिहिते. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी कलीग युक्रेनमधल्या खारकीवची आहे, तिची आई तिथेच. 24 फेब्रुवारी 2022 ला तिच्या देशावर हल्ला झाला तेव्हा मी तिला 'टेक केअर' म्हणाले आणि आठवड्याभरात विसरूनही गेले. 7 तारखेला मात्र ती माझ्याकडे आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, भावाचं नाव काय तुझ्या? तोपर्यंत ऑफिसात कोणी हे विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं आणि जी रडले ती रडलेच.

दुबईहून

ताई, लिहावं का कळत नव्हतं पण लिहितो. मी डोंबिवलीचा. 22 एप्रिलला पहलगामला जे 26 जण मारले त्यातले तिघं आमच्या डोंबिवलीचे. माझी ओळख नव्हती, पण अंत्ययात्रेच्या व्हिडिओत जे मैदान दिसलं तिथे मी लहानपणी क्रिकेट खेळलोय. इथे देरा भागात आम्ही चौघं एका फ्लॅटमधे राहतो, त्यातला एक पाकिस्तानातल्या सियालकोटचा, चार वर्षं एकाच फ्रिजमधे आमची दोघांची दुधाची पिशवी. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याने काही केलं नव्हतं, मला माहितीये, पण तोंडातून शब्दच फुटत नव्हता. मग 8 तारखेच्या रात्री तो गॅलरीत फोनवर आईशी बोलत होता, बत्ती बुझा दो अम्मी, खिडकी से दूर सोना. अगदी तेच वाक्य अर्ध्या तासापूर्वी माझ्या मामेभावाने मला सांगितलं होतं, तो जम्मूत नोकरीला आहे, तिकडेही ब्लॅकआउट. फोन ठेवून तो आत आला, मला म्हणाला, तेरे घर पे सब ठीक? मी म्हटलं, हां. बस, एवढंच. मिठ्या वगैरे काही नाही, पहलगामबद्दल आम्ही अजूनही बोललेलो नाही आणि माझा राग गेलाय असंही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली, सोळा दिवसांनी.

मेलबर्नहून

माझे आईबाबा नाशिकहून वैष्णोदेवीला गेले होते आणि नेमके तेव्हाच कटऱ्यात अडकले. उत्तरेतले आणि पश्चिमेतले मिळून 32 विमानतळ बंद, फोन लागला तर लागला. 8 तारखेच्या रात्री मी टीव्ही लावून बसले ती चूक, कारण आपले चॅनल कराची बंदर उद्ध्वस्त, अमुक शहर घेतलं असलं काहीही सांगत होते, ग्राफिक्स, सायरनचे आवाज, सकाळी त्यातलं निम्मं खोटं निघालं. ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांचं काय होत असेल याचा विचार नको का करायला? मला अजून चीड येते. शेवटी नवऱ्याने टीव्हीची वायरच काढली आणि आम्ही ठरवलं की फक्त सरकारी ब्रीफिंग बघायचं आणि आईबाबांशी बोलायचं. 9 ला जम्मू-उधमपूरहून दिल्लीसाठी स्पेशल गाड्या सोडल्या, त्यातल्या एकीत त्यांना जागा मिळाली. मी इथे स्वयंपाकघरात भिंतीवर कागद लावून एकेक स्टेशन लिहीत होते, पठाणकोट, जालंधर, लुधियाना, अंबाला. हाताला काम होतं तेवढं डोकं शांत राहिलं. तो कागद अजून काढलेला नाही.

लंडनहून (सासरे सांगतायत, मी टाइप करतेय)

1971. तेव्हा फोन म्हणजे ट्रंक कॉल, तोही परवडायचा नाही. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं तेव्हा मी इथे शिकत होतो, आई गिरगावात. रेडिओला कान लावून बसायचो. आईने 5 तारखेला पत्र टाकलं, की खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेत, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेत, भोंगा झाला की चाळीतली सगळी जिन्याखाली येतात, तू काळजी करू नको. पत्र मला मिळालं 18 ला. ढाक्यातली शरणागती 16 ची. म्हणजे युद्ध संपलं तरी माझ्यासाठी त्या दिवशी सुरू झालं! पत्र वाचता वाचता हात थरथरत होते, संपलंय हे माहीत असून. तुम्हाला एक टिक तरी दिसते, आम्हाला तेवढीही नव्हती, पण दर मिनिटाला बघायची सोयही नव्हती. कुठलं बरं, सांगता येत नाही.

अश्दोदहून (इस्रायल)

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, माझा जन्म ठाण्याचा. लग्न होऊन इकडे आले त्याला चाळीस वर्षं झाली. मला मायदेश दोन आहेत, त्यामुळे जीव दोनदा टांगणीला लागतो. 7 ऑक्टोबर 2023, सणाचा शनिवार, सकाळी साडेसहाला सायरन. आमच्याकडे सायरन ते रॉकेट 45 सेकंद मिळतात, तेवढ्यात ममादमधे, म्हणजे घरातल्या पक्क्या खोलीत, शिरायचं. त्यानंतर कितीतरी महिने रोज ठाण्याहून मोठ्या बहिणीचा फोन, वाजला का गं भोंगा? आणि 2025 च्या मे महिन्यात उलटं झालं. 7 तारखेला देशभर मॉक ड्रिल होती तेव्हा मी तिला फोन केला, वाजला का गं भोंगा? दोघी हसलो आणि मग दोघी गप्प.

मला कोणी विचारलं कसं तगलात, तर मी मलिद्याचं सांगते. आम्ही एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताला, नवस बोलतो, तो फेडताना पोहे भिजवून, ओलं खोबरं, गूळ, फळं घालून मलिदा करतो. एकदा नारळ खोवत असताना सायरन झाला, विळी तशीच सोडून पळालो, दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर अर्धी वाटी खोवलेली, अर्धी तशीच. नात म्हणाली, सावता (हिब्रूत आजी), आता कशाला करतेस? मी परत पाटावर बसले आणि उरलेली वाटी खोवली.

धागाकर्तीकडून

वाचतेय सगळं, उत्तरं सावकाश देईन. भावाचं सांगायचं राहिलं. 10 मेला संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी लागू झाली, तरी त्या रात्रीही ड्रोन दिसल्याच्या बातम्या होत्या, मी झोपले नाही. 11 ला दुपारी दुसरी टिक आली, मग निळी झाली. उत्तर आलं, 'जेवलो. डाळ होती.'

मी फोन घेऊन शेजारच्या डेस्कवर गेले आणि तिला दाखवला. मराठी तिला काय कळणार, पण दोन निळ्या टिक तिला कळल्या. मग मी विचारलं, तुझ्या आईचं नाव काय? तीन वर्षं झाली होती, विचारलंच नव्हतं.