अनुभव धागा: वर्षभराच्या लेकरांचे रंग, पाणी, पीठ

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि नुकतंच पाऊल टाकू लागलेलं लेकरू दुपारभर घरात कोंडून असतं. या वयात चित्र काढायचं नसतंच. माखणं, चोळणं, चाटणं हाच खेळ. तुमच्याकडे काय चाललंय, सविस्तर लिहा.

आई, जुळे सोलापूर:
तांदळाचं पीठ शिजवून पातळ खळ करते. गार झाली की वाट्यांमध्ये काढून एकीत बीटचा रस, एकीत वाफवून वाटलेला पालक, एकीत चिमूटभर हळद. विकतचे रंग आणतच नाही, कारण अर्धा रंग पोटात जातो. लेक आधी एक बोट बुडवते, माझ्याकडे बघते, मग पंजाच आपटते! हळदीचे डाग साबण लागला की लाल होतात. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात वाळत घाला, बरेचसे उडतात.

आजी, अशोक चौक:
टॉवेल, चादर, जुनं इरकल, सगळ्यांचे तुकडे टोपलीत ठेवलेत. नातू टॉवेलचे फासे नखानं उचकटत बसतो, मऊ तुकडा गालाला लावतो. सुटे दोरे मात्र कापून टाका. बोटाला गुंडाळले तर रक्त अडतं.

बाबा, विजापूर रोड:
परातीत दोन बोटं पाणी, वाटी आणि चहाची गाळणी. एवढ्या पाण्यातही लेकरू बुडू शकतं, म्हणून फोन आतल्या खोलीत. दार वाजलं तर पोराला कडेवर घेऊनच उठतो. उरलेलं पाणी तुळशीला.

आई, होटगी रोड:
आमच्याला हात चिकट झालेले चालतच नाहीत, रडून गोंधळ. सासूबाई म्हणाल्या, "त्याला पळी दे." आता पळीनं खळ ढवळतो, ताटावर थापतो. बोट लावायची घाई मी करणार नाही.

पाळणाघरातली ताई:
कळकळीनं सांगते, आपल्या घरोघरी शेंगदाणे असतात, ते खेळात नकोतच. कोरडी ज्वारी, डाळी, पाण्यात फुगणारे रंगीत मणीसुद्धा नकोत. घशात अडकायला एक दाणा पुरतो, आणि मणी पोटात जाऊन फुगतात. कच्ची कणीकही चाटायला देऊ नका. त्यापेक्षा ज्वारीची उकड काढा, मीठ न घालता, आणि पूर्ण गार करून गोळा हातात द्या.

आई, जुळे सोलापूर:
ताई, उकड लगेच तडकते ना?

पाळणाघरातली ताई:
ओलं फडकं झाकून ठेवा, मधूनमधून पाण्याचा हात लावून मळा. खेळून झालं की टाकून द्या, या उन्हात लवकर आंबते.