मदत हवी आहे: जयपालसिंह मुंडा यांच्या फलकासाठी फोटो आणि एक ओळ

मंडळी, ९ ऑगस्टला आदिवासी दिन. अक्कलकुव्याकडच्या एका आश्रमशाळेत ३ बाय ४ फुटांचा फ्लेक्स लावायचा आहे. मजकूर जवळपास झाला: १९२८ अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण, ५ सामने, २९ गोल, अंगावर एकही नाही, १९४६ संविधान सभा, १९५२ लोकसभा, १९६३ ला त्यांची झारखंड पार्टी काँग्रेसमध्ये विलीन. (ध्यानचंद पोरांना पाठ, कर्णधार कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हा खटाटोप.)

फोटोवर अडलंय. नेटवरचे सगळे ४०० पिक्सेलच्या आतले. २ फूट उंचीला छपाईवाला २४०० मागतो. अ‍ॅपने मोठा केला तर चेहरा मेणाचा दिसतो, संघाच्या फोटोतून कापला तर फुटतो. जुन्या पुस्तकातला किंवा मासिकातला फोटो कुणी ६०० डीपीआयला स्कॅन करून देईल का? मोबाइलने काढलेला नको, छपाईच्या ठिपक्यांची जाळी उठते.

दुसरं: जयपालसिंह त्या संघाचे कर्णधार, पण व्यवस्थापनाशी बिनसल्यामुळे अंतिम सामना खेळले नाहीत. हॉलंडला ३-० हरवलं तेव्हा ते मैदानात नव्हते. ‘अंतिम सामना जिंकून दिला’ हे सरळ चूक, पण नुसतं ‘सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार’ही अर्धवट वाटतं. आठवीच्या पोरांना कळेल अशी, १२ शब्दांत बसणारी खरी ओळ कशी लिहावी?