वजन कमी करायच्या गोळीसोबत जेवण कसं बसवायचं? सल्ला हवा

पहाटवारा:
डॉक्टरांनी ऑर्लिस्टॅट १२० मिग्रॅ दिली आहे, दिवसातून तीनदा जेवणासोबत. आहार साधारण १५०० कॅलरीचा ठरला आहे. अंडी चालतात, मांस-मासे नाहीत. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची गोळीही (लेव्होथायरॉक्सिन) असते.

गोळीसोबतच्या कागदावर 'तेल-तूप कमी खा' आणि 'जीवनसत्त्वांची गोळी घ्या' एवढंच आहे. कमी म्हणजे नेमकं किती? तेल पूर्णच बंद केलं तर काय बिघडतं? प्रथिनं कशी भरून काढायची? आणि या सगळ्या गोळ्या दिवसात बसवायच्या कशा? नीट आकड्यांत सांगितलंत तर फार मदत होईल.

तराजू:
आधी गोळी काय करते ते बघू, म्हणजे आकडे आपोआप पटतात. चरबी पचवणाऱ्या लायपेज या विकराला ती पोटात आणि आतड्यात अडवते. त्यामुळे खाल्लेल्या चरबीपैकी साधारण एक तृतीयांश न पचता शौचावाटे बाहेर जाते. साखर, भात, ब्रेड यांच्यावर तिचा काडीचाही परिणाम नाही.

आता हिशेब. १५०० कॅलरीतल्या ३० टक्के चरबीतून घ्यायच्या, म्हणजे ४५० कॅलरी. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरून दिवसाची चरबी झाली ५० ग्रॅम. तीन जेवणांत वाटली की प्रत्येक जेवणाला १६-१७ ग्रॅम. लक्षात ठेवायचा आकडा हाच. दिवसाची बेरीज बरोबर आली पण सगळी चरबी एकाच जेवणात गेली, तर त्रास ठरलेला.

१६ ग्रॅम कसे दिसतात? भाजीत दीड छोटा चमचा तेल (५ मिलीचा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम), एक अंडं (५ ग्रॅम) आणि सायीच्या दुधाचं १०० ग्रॅम दही (३ ते ४ ग्रॅम). झाले. वर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे खाल्ले की आणखी १४-१५ ग्रॅम आले आणि आकडा दुप्पट झाला. १६ ग्रॅमच्या जेवणातून जेमतेम ५ ग्रॅम चरबी न पचता जाते, ते आतडं निभावून नेतं. तळणीचं, चीजचं ४५ ग्रॅमचं जेवण झालं तर १५ ग्रॅम तेल तसंच खाली उतरतं. मग घाईची शौचाची भावना, कपड्यांना तेलकट डाग, वायूबरोबर तेल सुटणं, हे सगळं होतं. म्हणून पहिले दोन आठवडे तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला. एवढी एकच सवय लागली तरी अर्धं काम झालं.

दुसरी बाजूही सांगतो. ५० ग्रॅमपैकी १६-१७ ग्रॅम अडले म्हणजे गोळीने दिवसाला दीडशेच्या आसपास कॅलरी वाचवल्या. बाकीची तूट ताटातूनच यायची आहे. तेल कमी करून त्याची जागा बिस्किटं आणि गोड पेयांनी भरली तर काटा हलत नाही, आणि लोक गोळीला दोष देतात.

तेल पूर्ण बंद करू नका. चरबीच नसेल तर गोळीला काम उरत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषायला थोडी चरबी लागतेच. शिवाय जेवणात चरबी नसली की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते, त्यात ही भर नको.

औषधपेटी:
तराजू यांच्या हिशेबाशी सहमत. मी वेळांचं लिहिते, कारण तुमच्या बाबतीत खरी गाठ तिथे आहे.

ऑर्लिस्टॅट जेवताना किंवा जेवणानंतर तासाभराच्या आत घ्यायची. जेवण चुकलं किंवा त्यात चरबी नव्हती, तर ती मात्रा सोडून द्यायची. पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

लेव्होथायरॉक्सिन आणि ऑर्लिस्टॅट यांच्यात किमान ४ तास हवेत, नाहीतर थायरॉइडचं औषध कमी शोषलं जातं. मग थकवा, बद्धकोष्ठता सुरू होते, वजन अडून बसतं आणि कारण लक्षात येत नाही. सकाळी ६ ला थायरॉइडची गोळी आणि ८ ला नाश्त्यासोबत ऑर्लिस्टॅट, हे गणित म्हणूनच चुकतं.

अनेकांना वाटतं की थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेतली की सुटलं. पण जीवनसत्त्वांची गोळी बहुतेक जण झोपतानाच घेतात, आणि तिच्यात कॅल्शियम किंवा लोह असलं तर तिच्यापासूनही थायरॉइडचं औषध ४ तास दूर लागतं. एक गाठ सोडवली की दुसरी बसते.

मला बरा वाटणारा मार्ग असा. ६ ला थायरॉइडची गोळी. साडेसातला जवळजवळ बिनचरबीचा नाश्ता: साय काढलेल्या दुधातले ओट्स, फळ, हवं तर अंड्याचा फक्त पांढरा भाग. तेव्हा ऑर्लिस्टॅट नाही. दुपारी १ ला जेवण आणि पहिली मात्रा, रात्री ८ ला जेवण आणि दुसरी. जीवनसत्त्वांची गोळी ऑर्लिस्टॅटच्या आधी किंवा नंतर किमान २ तास सोडून, म्हणजे साडेदहाला झोपताना. यात सकाळची मात्रा गळते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. नाश्त्याची राहिलेली चरबी मात्र दुपारच्या ताटात ढकलू नका!

वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध), सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर ऑर्लिस्टॅट परस्पर सुरू करायची नाही. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्यांना जोराचे जुलाब झाले तर तेवढ्या काळापुरतं दुसरं साधनही वापरावं.

मूतखडा होऊन गेलेल्यांनीही डॉक्टरांना सांगावं. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते, मग मोकळं राहिलेलं ऑक्झलेट (अन्नातला खडे बनवणारा घटक) रक्तात जातं आणि मूत्रपिंडात साठतं. पाणी भरपूर प्या आणि दूध-दही जेवणातच ठेवा.

चमचावाटी:
प्रथिनांचं बघू. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते वाचवायला किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरा. वजन खूप जास्त असेल तर आजच्या वजनावर नको, गाठायच्या वजनावर मोजा. ७५ किलोला ९० ग्रॅम झाले. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

मांस-मासे न खाता ९० ग्रॅम असे जमतात: २ अंडी (१२), कोरडे सोयाचे तुकडे ५० ग्रॅम (२५), कच्ची मोजलेली डाळ किंवा कडधान्यं ८० ग्रॅम (१८-१९), साय काढलेलं दूध किंवा त्याचं दही ५०० मिली (१७) आणि धान्य १५० ग्रॅम (१५). यातली बहुतेक चरबी दोन अंड्यांची, म्हणून दोन्ही एका जेवणात घालू नका.

चूक नेहमी इथे होते: कडधान्य शिजवून वजन केलं जातं आणि आकडा कच्च्याचा धरला जातो. शिजल्यावर ते पाणी पिऊन दुपटीहून जड होतं. ८० ग्रॅम शिजलेल्या मसुरीत ७ ग्रॅमच प्रथिनं असतात.

तंतू दिवसाला २५-३० ग्रॅमपर्यंत न्या, पण एकदम नको, आठवड्याला थोडे थोडे वाढवा. रोज संध्याकाळी एक चमचा इसबगोल मोठ्या पेल्याभर पाण्यातून घेतलं तर तेलकट त्रास बऱ्याच जणांना कमी होतो. ते इतर गोळ्यांबरोबर घेऊ नका, त्यांचं शोषण अडतं. आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम ठेवा, नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

सावली:
सेमाग्लुटाइडच्या (भूक कमी करणाऱ्या औषधाच्या) गोळीलाही हेच नियम का?

औषधपेटी:
नाही, जवळपास उलटे. ती सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिली साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. पुढची किमान ३० मिनिटं खाणं, चहा, दुसरी औषधं काही नाही. जास्त पाणी प्यायलात किंवा लवकर खाल्लंत तर औषध नीट शोषलं जात नाही. इथे अडचण भूक मरण्याची आहे, म्हणून ताटात प्रथिनं आधी खा आणि भात-पोळी नंतर. घास थोडे, जेवणं लहान. तेलकट खाल्लं की मळमळ वाढते. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर खाणं कमी होताच साखर फार उतरू शकते, त्यांची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्या.

वजनासाठीच दिली जाणारी नाल्ट्रेक्सोन-बुप्रोपियनची जोडगोळी खूप चरबीच्या जेवणासोबत घेऊ नये. रक्तातलं औषध वाढतं आणि फिट येण्याचा धोकाही.

तराजू:
एक कळकळीची विनंती. घटकांची यादी नसलेल्या 'नैसर्गिक' गोळ्यांना हात लावू नका. अशा मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं जुनं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं. अशा गोळीनंतर धडधड, कोरडं तोंड, झोप उडणं असं जाणवलं तर ती लगेच थांबवा आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

पहाटवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वेळापत्रक लिहून डॉक्टरांना दाखवते. एकच शंका: रात्रीचं जेवण कधी साडेनऊला झालं तर जीवनसत्त्वांच्या गोळीसाठी साडेअकरापर्यंत जागायचं का?

औषधपेटी:
गरज नाही. मग ती रोज दुपारी ४ लाच ठेवा. १ च्या मात्रेपासून ३ तास होतात, रात्रीच्या मात्रेपर्यंतही भरपूर वेळ उरतो आणि सकाळच्या थायरॉइडच्या गोळीपासून ती लांबच राहते. इसबगोल मात्र तिच्यासोबत नको, ते संध्याकाळी ६ ला घ्या.