मदत हवी आहे: बेडरूमच्या स्विचबोर्डात न्यूट्रल नाही, स्मार्ट स्विच कसा बसवावा?

धागाकर्ता

पुण्यातला जुना २ बीएचके फ्लॅट, कन्सिल्ड वायरिंग, तांब्याची वायर. डीबीत (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत) सगळ्या घराला मिळून एक ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती दिसताच पडून वीज तोडणारा स्विच) आहे. भिंतीवरची बटणे तशीच चालू राहावीत आणि मोबाइलवरूनही चालावीत, म्हणून स्विचच्या मागे बसणारी वायफाय रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) मॉड्युल घ्यायचा विचार आहे.

हॉलच्या बोर्डात दोन एलईडी ट्यूब, रेग्युलेटरसह पंखा आणि एक ६ अँपिअरचा सॉकेट आहे. बेडरूमच्या दाराजवळच्या बोर्डात मात्र सॉकेट नाही आणि न्यूट्रलही (करंट परत नेणारी वायर) नाही, फक्त लाल फेज (वीज आणणारी वायर), दिव्याच्या टू-वेच्या (एकच दिवा दोन जागांवरून चालवण्याच्या) वायरी आणि अर्थिंगची हिरवी वायर आहे. टू-वेचा दुसरा स्विच पलंगाशी आहे. दुकानदार म्हणतो, "न्यूट्रल नसेल तर हिरव्या वायरला जोडा, चालतं." हे बरोबर आहे का? आणि २ किलोवॉटच्या गिझरला १० अँपिअरचे मॉड्युल पुरेल का?

प्रतिसाद १

हिरव्या वायरला अजिबात जोडू नका. मॉड्युल चालेल, आणि फसगत तिथेच होते. ते स्वतःसाठी साधारण १ वॉट घेते, म्हणजे २३० व्होल्टला चारेक मिलिअँपिअर. एवढ्यावर आरसीसीबी पडत नाही, म्हणून सगळे ठीक वाटते. पण ३० ची आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्ये कुठेही पडू शकते. अशी चार मॉड्युल झाली की ती कायमची काठावर उभी राहते, आणि पावसाळ्यात गिझरमधून जराशी करंटची गळती झाली तरी रात्री-अपरात्री घर अंधारात जाते. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंगची वायर कुठे तुटली, तर मॉड्युलमधून आलेला फेज त्या हिरव्या वायरवरून फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पोहोचतो. जी वायर जीव वाचवायला घातली आहे, तीच शॉक देते.

हॉलमध्ये अडचण नाही. सॉकेट आहे म्हणजे न्यूट्रल आहे. पुढून पाहिले आणि अर्थचे मोठे भोक वर असले, तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. प्लेट काढून उलटली की बाजूही उलटते, नेमकी इथे चूक होते. जुन्या घरात नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका, आणि निऑन टेस्टरवरही नको. शेजारच्या वायरीमुळे तुटक्या वायरवरही तो मिणमिणतो, आणि मल्टिमीटरसुद्धा तिथे ५०-१०० व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प खोटे बोलत नाही. ४० वॉटचा साधा बल्ब फेज आणि संशयित वायरीमध्ये लावला, की न्यूट्रल असेल तर पूर्ण पेटतो. ती वायर अर्थ असेल तर आरसीसीबी लगेच पडते, कारण बल्ब १७० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. ही चाचणी चालू लाइनवर होते, म्हणून ती वायरमनकडूनच करून घ्या.

बेडरूमसाठी खरा उपाय म्हणजे छतावरच्या दिव्याच्या पॉइंटवरून काळी १.५ चौरस मिमी वायर त्याच पाइपातून बोर्डापर्यंत ओढणे. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. शेजारच्या खोलीतून उसना घेतला आणि पुढे कोणी त्या खोलीचा एमसीबी (सर्किटचा ब्रेकर) पाडून तिथला न्यूट्रलचा जोड सोडला, तर सुटलेल्या टोकावर तुमच्या मॉड्युलमार्फत फेज उभा असेल.

पाइपात वायर सरकलीच नाही, तर मॉड्युल छतावरच्या पॉइंटमध्ये बसवता येते. बोर्डांतल्या टू-वे वायरींपैकी एक निवडून त्यावरून कायमचा फेज वर पाठवायचा आणि भिंतीवर बॅटरीचे वायरलेस बटण लावायचे.

"नो न्यूट्रल" स्विच हा तिसरा मार्ग, पण मला तो शेवटचा वाटतो. तो स्वतःचा करंट दिव्यातूनच घेतो, म्हणून ५-९ वॉटचा एलईडी बंद असतानाही मंद पेटतो किंवा लुकलुकतो. त्यासाठी सोबत मिळणारा कपॅसिटर दिव्याला समांतर, दिव्यापाशीच लावायचा असतो. तो स्विचच्या टोकांना लावला तर दिवा पूर्ण बंदच होणार नाही.

प्रतिसाद २

गिझरचा हिशोब: २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. कागदावर १० मध्ये बसते, पण भिंतीतल्या बंद डबीत ही रिले तापते आणि काही महिन्यांनी कॉन्टॅक्ट चिकटतो. मग ॲपमध्ये "बंद" दिसते आणि गिझर मात्र चालूच असतो. १६ अँपिअरचे मॉड्युल किंवा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग घ्या. त्याहून चांगले म्हणजे डीबीत २० अँपिअरचा टू-पोल कॉन्टॅक्टर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी मोठी रिले) बसवून मॉड्युलने फक्त त्याची कॉइल चालवणे. स्क्रू घट्ट हवेत आणि बहुतारी वायरच्या टोकाला फेरूल (दाबून बसवायची धातूची नळी) हवा, सैल जोडच आधी जळतो. सेटिंगमध्ये "वीज आल्यावर स्थिती" ही "बंद" ठेवा आणि २० मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर लावा.

पंख्याला दिव्याचा डिमर लावू नका, मोटर गुणगुणते आणि तापते. रिले रेग्युलेटरच्या आधी, फेजवर घाला. वेग रेग्युलेटरवरच राहू द्या. मोबाइलवरून वेग हवा असेल तर कपॅसिटर-स्टेपचे फॅन मॉड्युल घ्या आणि जुना रेग्युलेटर काढा. दोन्ही एकामागे एक ठेवू नका. बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक मोटरचा) पंखा असेल तर रेग्युलेटरच नको, फक्त चालू-बंद.

धागाकर्ता

मनापासून आभार. हिरवी वायर रद्द, काळी ओढून घेतो. पलंगाजवळचा टू-वे स्विच मग कसा जोडायचा?

प्रतिसाद २

टू-वेची जोडणी तशीच ठेवा. फक्त तिच्यातून निघून दिव्याकडे जाणारी हाफ वायर (स्विच चालू असतानाच फेज येणारी वायर) दिव्याऐवजी मॉड्युलच्या स्विच टर्मिनलला द्या आणि मॉड्युलचे आउटपुट दिव्याला. म्हणून आधी ही हाफ वायर कोणत्या बोर्डातून निघते ते पाहा. कायमचा फेज आणि नवा न्यूट्रल त्याच बोर्डात लागेल. पलंगाकडून निघत असेल तर काळीसोबत लालही ओढावी लागेल. ॲपमध्ये स्विचचा प्रकार "एज" ठेवा, म्हणजे कोणतेही बटण हलले की दिव्याची स्थिती बदलेल.

घेण्याआधी मॉड्युलवरचा आराखडा वाचा. काहींच्या स्विच टर्मिनलला फेज चालतो, काहींना फक्त कोरडा कॉन्टॅक्ट (बाहेरून व्होल्टेज न येणारा स्विच) लागतो. दुसऱ्या प्रकाराला २३० व्होल्ट दिले तर ते जागीच जळते, आणि टू-वेतून फेजच येत असतो.

प्रतिसाद १

डबीची खोलीही मोजा. स्विचच्या मागे निदान २० मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर प्लेट कसताना वायर चेपते. डबी पत्र्याची असेल तर वायफाय अडतो, म्हणून अँटेनाची बाजू प्लेटकडे ठेवा. मॉड्युल सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जाते. राउटरचे दोन्ही बँड एकाच नावाने असतील तर जोडणीपुरता ५ चा बँड बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्याच्या लाइनवर घ्या.