मदत हवी आहे: निटिनॉलच्या तारेला नवा आकार कसा शिकवायचा?

नमस्कार मंडळी, मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आमच्या मुलांना प्रदर्शनात निटिनॉलचं (म्हणजे तापवला की शिकवलेल्या आकारात परत येणारा मिश्रधातू) फूल करायचंय, म्हणजे गरम पाणी ओतलं की पाकळ्या उघडतील असं. ऑनलाईन मागवलेली तार सरळ आहे, हाताने वाकवून गरम पाण्यात टाकली की झटकन सरळ होते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळा वर्ग ओरडला! निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मं निम्मं, थंड असताना अणूंची रचना वेगळी आणि तापल्यावर वेगळी, एवढं मुलांना समजलंय. दातांच्या ब्रेसेसची तार, हृदयाच्या काही ऑपरेशनमधली जाळी हेही सांगितलं.

आता अडचण अशी की आम्हाला तिला पाकळीचा वळलेला आकार शिकवायचाय. त्यासाठी तार घट्ट बांधून साधारण ५०० डिग्रीला थोडा वेळ तापवायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची असं वाचलं. मी स्टीलच्या पट्टीवर स्क्रूने आवळून गॅसवर धरली, पण तार काही ठिकाणी लालभडक झाली, काही ठिकाणी नाही, आणि नंतर गरम पाण्यात अर्धवटच वळली. एका जागी तर तुटलीच.

कुणी हे केलंय का? गॅसऐवजी कुंभाराची किंवा डेंटल लॅबची भट्टी चालेल का, आणि किती मिनिटं ठेवायची? जास्त तापून बिघडलेली तार परत वापरता येते का? प्लीज सांगा, मुलं रोज विचारतायत.